घरच्या सांभाळणाऱ्याला बाहेरची मदत कधी लागते: सात दिवसांच्या वहीपासून मावशींच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत

घरी रुग्ण सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोला पहिला फोन बहुतेक घरांतून एकाच ठिकाणाहून जातो: रुग्णालयाच्या पायरीवरून, डिस्चार्जची फाईल काखेत धरून. "उद्या सकाळी आठला बाई पाठवा, कुठलीही चालेल." कुठलीही बाई येते, आठ दिवसांत जाते, आणि घरात एक वाक्य कायमचं बसतं: "बायका ठेवून बघितल्या, आमच्याकडे टिकत नाहीत."

मी सासूबाईंचं साडेचार वर्षं केलं. आता आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात अशा घरांशी बोलत असते. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक मोजमापाची. आपण विचारतो, "आईंची तब्येत बाई ठेवण्याइतकी बिघडली आहे का?" पण दुखणं किती मोठं आहे यावर हे ठरत नाही. अंथरुणाला खिळलेले पण शांत आजोबा आणि घरात तीन जाणती माणसं, तिथे वर्षभर निभावतं. उलट आजी टुणटुणीत चालतात, पण रात्री दोनला उठून दाराची कडी काढतात आणि घरात एकटी सून, तिथे महिन्याभरात सून आजारी पडते. मोजायचं ते सांभाळणाऱ्याला.

## १. सात दिवस वही लिहा

साधी शाळेची वही घ्या. चार रकाने पाडा: वेळ, काम, किती मिनिटं, कोणी केलं. सलग सात दिवस, रविवार धरून. रविवारी घरात माणसं असतात आणि कामं कमी होतील असं वाटतं. प्रत्यक्षात ती कोणाच्या अंगावर पडतात तेही वहीत उतरू द्या.

रात्रीसाठी उशाशी पेन ठेवा. उठलं की एक रेघ मारायची, बस. वेळ वगैरे लिहीत बसू नका, उरलीसुरली झोप जाते.

पहिल्या पानावर सहा गोष्टी लिहा: अंघोळ, कपडे घालणं, संडास-बाथरूमला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा, जेवण. प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शब्द: "स्वतः", "हात लागतो" किंवा "पूर्ण करावं लागतं". डॉक्टरही साधारण याच सहा गोष्टी पाहतात, त्यामुळे हे पान पुढे दवाखान्यात कामाला येतं.

वहीत न येणारं काम म्हणजे "लक्ष ठेवणं". तुम्ही स्वयंपाक करता, पण कान आतल्या खोलीत असतो. दूध आणायला जाता, पण पळत परत येता. तेही लिहा: "घर सोडता आलं नाही, ४ ते ७." मी स्वतःचा अंदाज दिवसाला चार तास धरला होता. वहीत नऊ निघाले, आणि ते पान पाहून नवरा पहिल्यांदा गप्प बसला.

इशारा: शनिवारी रात्री बसून आठवड्याभराचं आठवून लिहू नका. आठवणीतून लिहिताना जागरणं हमखास कमी भरतात. माणूस सवयीचा होतो.

तपासा: सातव्या दिवशी तीन आकडे काढता आले पाहिजेत. आठवड्याचे एकूण तास, झोपमोड झालेल्या रात्री, आणि एकाच माणसाने केलेल्या कामांचा वाटा.

## २. वही वाचा: महिन्यात, आठवड्यात की आजच?

ही मोजपट्टी वैद्यकीय नाही. अनेक घरं पाहून बसवलेली आहे.

महिन्याभरात मदत उभी करा, जर एकच माणूस निम्म्याहून जास्त कामं करत असेल, सहापैकी दोन गोष्टी "पूर्ण करावं लागतं" मध्ये गेल्या असतील, किंवा सांभाळणाऱ्याने स्वतःची तपासणी, दातांचं काम, चष्म्याचा नंबर "नंतर बघू" म्हणून दोनदा पुढे ढकललं असेल.

आठवड्याभरात, जर सातपैकी तीन रात्री दोनपेक्षा जास्त वेळा उठावं लागत असेल. सांभाळणाऱ्याच्या बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या चुकत असतील. उचलताना कंबर धरली असेल. पंचावन्न किलोची साठीतली बायको सत्तर किलोच्या नवऱ्याला दिवसातून सहा वेळा उठवते, तिथे कंबर जाणार हे ठरलेलं. औषधांची अदलाबदल एकदाही झाली असेल, तरी याच गटात धरा. ती निष्काळजीपणाने होत नाही, झोप नसल्याने होते.

आजच, जर हात उगारला गेला असेल. ओढून बसवलं असेल, खोलीला बाहेरून कडी घातली असेल, शांत राहावं म्हणून झोपेची गोळी जास्त दिली असेल. किंवा "सुटतील एकदाचे" हा विचार रोज येत असेल, नाहीतर "मीच सुटले तर बरं" असा. हे घडतं ते बहुतेक जिवापाड करणाऱ्यांच्याच हातून, आणि तेच कोणाला सांगत नाहीत. त्या दिवशी वही, ब्युरो, बैठक सगळं बाजूला ठेवा. घरातल्या किंवा शेजारच्या कोणाला तरी चोवीस तासांसाठी बसवा आणि सांभाळणाऱ्याला घराबाहेर झोपायला पाठवा. बोलण्यासाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. स्वतःचं काही बरंवाईट करण्याचा विचार असेल तर माणसाला एकटं सोडू नका.

## ३. माणूस शोधण्याआधी डॉक्टर

ही पायरी गाळली की पुढचं सगळं महागात पडतं. मदत लागतेय ती दुखण्यामुळे की उपचार होण्यासारख्या एखाद्या गोष्टीमुळे, हे आधी पाहायचं.

बदल अचानक आला का? परवापर्यंत नीट बोलणारे आजोबा दोन दिवसांत बरळायला लागले, माणसं ओळखेनात, दिवसा झोपून रात्री जागे, तर ते "वय झालं" म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, साखर उतरणं, लघवी अडकणं, साधा चार दिवसांचा बद्धकोष्ठ, किंवा नवीन सुरू केलेली गोळी, यातलं काहीही असू शकतं. सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो. त्याच दिवशी दाखवा.

बदल हळूहळू आला असेल तर वहीचं पहिलं पान आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या. फाईल नव्हे, पाकिटं. आयुर्वेदिक काढे आणि शेजारणीने दिलेल्या गोळ्यासुद्धा. तीन प्रश्न विचारा. यातली कोणती औषधं आता बंद करता येतील? लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळऐवजी सकाळी दिली तर चालेल का? ऐकू येणं, दिसणं, थायरॉइड, बी-१२ तपासायचं राहिलंय का?

आमच्याकडे रात्रीच्या पाच फेऱ्या त्या दुसऱ्या प्रश्नाने दोनवर आल्या. सासूबाईंची गोळी कोणीतरी कधीतरी रात्रीच्या डब्यात टाकली होती आणि ती तिथेच राहिली.

इशारा: गोळ्यांची वेळ किंवा मात्रा आपल्या मनाने बदलू नका. विचारून बदला.

## ४. आधी वस्तू, मग माणसं

पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, युरिन पॉट, बाथरूममध्ये धरायला दांडे, पायाखालचं पायपुसणं कायमचं काढून टाकणं, रात्री मंद दिवा. आणि बिनतारी बेल: इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती दाराचीच, बटण त्यांच्या उशाशी आणि घंटा तुमच्या खोलीत. रात्रभर अर्धवट जागं राहणं तिने थांबतं.

उठता न येणाऱ्यांसाठी पाठ वर करता येणारा पलंग आणि हवेची गादी लगेच विकत घेऊ नका. बऱ्याच गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं अनामत रक्कम घेऊन हे देतात. आधी तिथे विचारा.

तपासा: वस्तू आल्यावर तीन रात्री पुन्हा रेघा मारा. रेघा निम्म्यावर आल्या तर कदाचित रात्रीची बाई लागणारच नाही. दिवसाची पुरेल.

## ५. कोणतं काम कोणाकडे

वहीतल्या प्रत्येक कामापुढे आता एक खूण करा.

घरकाम: स्वयंपाक, कपडे, बाजार. बाहेर द्यायला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात स्वस्त हेच, आणि लोक नेमकं हेच स्वतःकडे ठेवून अंघोळीला बाई शोधतात. आधी पोळ्यांना बाई लावा. पुष्कळ घरांत एवढ्यानेच दोन तास मोकळे होतात.

आया किंवा अटेंडंट: अंघोळ, स्पंज, डायपर, भरवणं, कूस बदलणं, चालवणं. पुरुष रुग्ण जड असेल तर पुरुष अटेंडंट मागा.

नर्स: इंजेक्शन, नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग. ही कामं आयाकडून करून घेऊ नका, ती "येतं मला" म्हणाली तरी. नर्सकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का ते पाहा. आणि हिशोब करा: ड्रेसिंग दिवसातून एकदाच असेल तर बारा तासांची नर्स कशाला? रोज एक फेरी पुरते.

फिजिओथेरपिस्ट: पडल्यानंतर, पक्षाघातानंतर, सांधा बदलल्यानंतर. पाठ न मोडता रुग्णाला कसं उठवायचं हे त्यांच्याकडून घरातल्या सगळ्यांनी एकदा शिकून घ्या. काखेत हात घालून ओढायचं नसतं, एवढं जरी समजलं तरी पुष्कळ.

दिवसाचं केंद्र: स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी मोठ्या शहरांत काही ठिकाणी आहे. आपल्या भागात काय आहे हे विचारायला एल्डरलाइन या ज्येष्ठांसाठीच्या मदतसेवेचा १४५६७ हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो.

खर्चाबद्दल एक गैरसमज. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या आयाचा पगार त्यातून निघत नाही. कार्ड काढून ठेवा, पण त्याच्या भरवशावर ब्युरोला होकार देऊ नका.

## ६. घरची बैठक: वही मध्ये ठेवून

भावंडांची बैठक घ्या, परदेशातल्याला व्हिडिओवर घ्या. सुरुवात "मला होत नाही" ने करू नका. त्यावर "अगं, तू तर किती छान करतेस" असं उत्तर येतं आणि विषय संपतो. वहीचे तीन आकडे वाचून दाखवा, आणि मग गप्प राहा.

बैठकीतून तीनच गोष्टी बाहेर यायला हव्यात: दर महिन्याला कोण किती रक्कम, कोणत्या तारखेला देणार, सांभाळणाऱ्याला आठवड्यात ठरलेली कोणती वेळ सुट्टी, आणि बाई आली नाही तर त्या दिवशी कोण. लिहून काढा आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाका.

पुण्यातली बहीण करते आणि न्यू जर्सीतला भाऊ दर रविवारी फोनवर "आईला प्रोटीन वाढव" म्हणतो, असं घर तुमच्या ओळखीत असेलच. त्याला कामाला लावता येतं. ब्युरोचे पैसे थेट त्याच्याकडून जाऊ देत, डॉक्टरांच्या वेळा आणि विम्याचे कागद तो तिथून बघू शकतो, आणि वर्षातून येतो ते पंधरा दिवस त्याने बदली म्हणून यावं, पाहुणा म्हणून नाही. त्या पंधरा दिवसांत बहिणीने घरात थांबायचं नाही. थांबली तर तिला दोन माणसांचं करावं लागतं.

इशारा: पैसे देणारा आणि करणारा यांत निर्णय कोणाचा, हे आधीच ठरवा. बाई ठेवायची की काढायची हे रोज घरात असणाऱ्यानेच ठरवायचं.

## ७. ज्यांच्यासाठी, त्यांना सांगणं

"तुमच्यासाठी बाई ठेवतोय" म्हटलं की उत्तर येणार, "मला काय धाड भरलीय? परक्या बाईच्या हातून अंघोळ घालून घेऊ?" ही लाज खरी आहे, तिच्यावर चिडून उपयोग नाही.

मदत स्वतःसाठी मागा. "आई, माझी कंबर धरलीय. डॉक्टरांनी वाकायला नको म्हटलंय. सकाळी दोन तास एक मावशी येतील माझ्या मदतीला, तुम्ही जरा त्यांना सगळं कुठे असतं ते सांगाल का?" शेवटचं वाक्य विसरू नका. ज्यांच्या हातात वर्षानुवर्षं घर होतं त्यांना शिकवण्याची जागा मिळते. पहिला आठवडा मावशींनी भाजी निवडावी, केस विंचरावेत, पाय चोळावेत. अंघोळीचं नंतर बघू.

## ८. माणूस निवडणं

तीन ब्युरोंना फोन करा आणि प्रत्येकाला तेच सहा प्रश्न विचारा:

१. बारा तास म्हणजे किती ते किती? उशीर झाला तर काय?
२. सुट्टीला बदली कोण? गणपतीत आणि दिवाळीत गावाला गेल्यावर?
३. अनामत किती, आणि बाई आठ दिवसांत गेली तर परत मिळते का?
४. मी देते त्यातले बाईच्या हातात किती पडतात?
५. आधार कार्डाची प्रत आणि फोटो तुमच्याकडे आहे का? पोलीस ठाण्यात माहिती दिली आहे का?
६. असा रुग्ण तिने आधी सांभाळलाय का?

चौथ्या प्रश्नावर ब्युरोवाला चिडला तरी विचारा. रकमेतला मोठा भाग मध्येच राहिला तर बाई दुसरं घर मिळताच जाणार, आणि तुम्ही तिलाच नावं ठेवणार.

रुग्णाबद्दल खोटं सांगू नका. "थोडंसं विसरतात" म्हणून सांगायचं आणि पहिल्या रात्री आजोबांनी हात उगारायचा, हे झालं की बाई पहाटेच चप्पल घालते. वजन, डायपर, रात्रीची जागरणं, शिव्या, सगळं आधी सांगा. मी नळीचं सांगितलं नव्हतं. पहिली बाई तीन तासांत गेली, आणि तिचं बरोबर होतं.

इशारा: चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे. तिला रात्री सलग झोप आणि दिवसा काही तास मोकळे मिळालेच पाहिजेत. वहीत रात्रीच्या रेघा चार-पाच असतील तर दिवसाची आणि रात्रीची अशी दोन माणसं लागतात, किंवा घरातल्यांनी रात्री वाटून घ्याव्या लागतात. एकीकडून दोन्ही करून घेतलं की महिन्याभरात तिचीही चिडचिड सुरू होते आणि ती रुग्णावर निघते.

## ९. पहिले पंधरा दिवस

ती येण्याआधी: दागिने आणि रोकड कपाटात, किल्ली स्वतःकडे. तिच्यावर संशय म्हणून नाही. उद्या सासूबाईंना चष्मा सापडला नाही तरी "तिनेच नेला" होऊ नये म्हणून. एटीएमचा पिन कोणालाही सांगायचा नाही, आजोबांनीसुद्धा.

भिंतीवर एक कागद चिकटवा: दिवसाचा क्रम, पथ्य, काय द्यायचं नाही, तीन फोन नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८. औषधांचा डबा आठवड्याचा तुम्ही भरायचा, तिने फक्त त्या वेळचा कप्पा उघडायचा.

पहिले तीन दिवस घरात थांबा. ती करेल, तुम्ही बघा. चौथ्या दिवशी तासभर बाहेर जा. आठव्या दिवशी अर्धा दिवस. एकदा न सांगता मधेच परत या.

काय बघायचं: जेवताना बसवलंय का, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं केलं नाही ना. पाणी पिताना ठसका लागला तर ती थांबते का. दर दोन तासांनी कूस बदलते का. अंघोळीनंतर माकडहाड, टाचा, कमरेची हाडं रोज स्वतः डोळ्यांनी पाहा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही, काळपट, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधा. ती सापडली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, पावडर चोळत बसू नका.

आणि बाईंचं. जेवण कोण देणार ते पहिल्या दिवशीच ठरवा. झोपायला गादी आणि घरातलंच संडास. कप-ताट वेगळं ठेवू नका. काही घरं ब्युरोला फोनवर पहिला प्रश्न जातीचा विचारतात, आणि मग बाई टिकत नाही म्हणून संघात तक्रार घेऊन येतात. आईचं मलमूत्र काढणाऱ्या हातांनी घरातल्या कपात चहा प्यायलेला चालत नसेल, तर बाई बदलून काही होणार नाही.

इशारा: बोलणं कमी झालं, बाई जवळ आली की रुग्ण अंग चोरतो, दंडावर बोटांचे वळ, दिवसभर न उठणारी झोप, यातलं एकही दिसलं तर "भास असेल" म्हणून सोडू नका. त्या दिवसापासून एकटं ठेवायचं नाही.

## १०. महिन्याने तीच वही

तीन दिवस पुन्हा लिहा. बाई आली, पैसे गेले, आणि सांभाळणाऱ्याचे तास तेवढेच राहिले, असं पुष्कळदा निघतं. कारण ती बाईंच्या मागे उभी राहून "असं नाही, तसं" करत राहते. तसं असेल तर बाई बदलू नका. सांभाळणाऱ्याला आठवड्यात दोन दुपारी घराबाहेर काढा, ठरलेल्या वाराला. भजनी मंडळ, बँकेचं काम, मैत्रिणीकडे नुसतं झोपणं, काहीही.

आणि दोन माणसं ठेवूनही रात्री मोडत असतील, रुग्ण वारंवार पडत असेल किंवा घराबाहेर निघून जात असेल, तर निवासी केंद्र पाहायला सुरुवात करा. बहुतेक वृद्धाश्रम फक्त चालत्याफिरत्या माणसांना घेतात, त्यामुळे अंथरुणावरच्या रुग्णाला घेता का हे फोनवरच विचारा. पाहायला जाल तेव्हा संध्याकाळी जेवणाच्या वेळेला जा. सकाळी अकराला सगळीच केंद्रं स्वच्छ दिसतात.